नाव आणि जन्मतारीख

इंग्लंडमधल्या दवाखान्यात गोळी हातावर ठेवण्याआधी विचारतात, नाव आणि जन्मतारीख. रक्त काढण्याआधी विचारतात. जिने तासाभरापूर्वी तुमची वेणी घालून दिली, तीच नर्स पुन्हा येऊन विचारते. मी पहिल्या दिवशी दोन्ही खोटी सांगितली. त्यातून काय झालं ते लिहितेय.

लिहावं की नाही हे बरेच दिवस ठरत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे दोन पेपर अजून राहिलेत. डॉक्टरी गोष्टी मला कळत नाहीत आणि मी सांगितल्या तर चुकतील. पण लंडनच्या इल्फर्ड भागातल्या बाजारात मी दोन-तीन मुली पाहिल्या होत्या, सैल कोटाखाली पोट लपवून नवऱ्याच्या चार पावलं मागे चालणाऱ्या. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हे पडलं तर बरं, एवढंच.

*

माझा नवरा संदेश लंडनमध्ये मास्टर्स करत होता. लग्नापुरता परभणीला आला आणि महिन्याभराने आम्ही दोघं गेलो. त्याच्या विद्यार्थी व्हिसावर बायकोला नेता येत नव्हतं, म्हणून मी सहा महिन्यांच्या टूरिस्ट व्हिसावर. त्याने व्हिसाबरोबरच सरकारी दवाखान्याचे पैसे भरले होते, त्यामुळे त्याला तिथे दवाखाना होता. मला नव्हता. पोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात कळलं की मला दिवस गेलेत.

पहिलं बाळंतपण माहेरी. हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. परतीचं तिकीट सातव्या महिन्याचं होतं, सगळं जुळून आलं असंच सगळ्यांना वाटलं. इथे डॉक्टरकडे नाव घालायचा विचार कुणाच्या डोक्यात आलाच नाही.

माझी आई अंगणवाडी सेविका आहे. सातवी शिकलेली असताना लागली, दहावी नंतर केली. वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईचं कार्ड ती भरते. ती फोनवर पहिलं हेच विचारायची, "कार्ड केलं का गं?"

मी म्हणायची, "हो, इथे ऑनलाइन असतं."

चौथ्या महिन्यात मी एकटीच चालत जवळच्या डॉक्टरकडे गेले. काउंटरवरच्या बाईने व्हिसा विचारला नाही, काही विचारलं नाही, एक फॉर्म दिला. तो घरी आणून मी टेबलावर भरायला बसले. संदेशने तो पाहिला. त्याच्या फोनवरच्या ग्रुपात कुणीतरी लिहिलं होतं की टूरिस्ट व्हिसावरच्या बाईने दवाखान्यात पाय ठेवला की होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सरकारी खात्याला कळवतात, नवऱ्याचाही व्हिसा जातो. त्याने फॉर्म फाडला आणि मला मारलं. आधी मी इथे "त्याचा हात उठला" असं लिहिलं होतं. ते खोडलं. हात आपोआप उठत नाही. त्याने उजव्या हाताने माझ्या डाव्या कानावर मारलं आणि दोन दिवस त्या कानात शिट्टी वाजत राहिली.

नंतर तो रडला. "मी घरच्यांची जमीन गहाण टाकून आलोय गं," म्हणाला. ते खरं होतं. मी त्याच्या केसांतून हात फिरवला. हेही खरं आहे, म्हणून लिहिलं.

*

आम्ही राहायचो त्याच्या चुलतभावाकडे, वरच्या मजल्यावरच्या अरुंद खोलीत. भावाची बायको अश्विनी वहिनी छत्तीस वर्षांची, दोन मुलं, एका शाळेच्या किचनमध्ये कामाला. तोंडाने फटकळ. मी ओकायला लागले की बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून म्हणायची, "झालं का? नाहीतर आतच राहा, जेवण सरकवते दाराखालून." पण आल्याचा चहा तीच करून द्यायची.

सातव्या महिन्यात माझे पाय सुजले. डोकं असं दुखायचं की जणू कुणी कवटीत खिळा ठोकतंय, आणि डोळ्यांपुढे ठिणग्या उडायच्या. एका रविवारी दुपारी मी आईला व्हिडिओ कॉल केला. ती मला बघतच राहिली.

"चेहरा जवळ आण," ती म्हणाली. "आता पाय दाखव. अंगठ्याने दाब. जोरात दाब."

मी दाबलं. खड्डा पडला आणि भरलाच नाही.

"वैशाली, तुझं कार्ड नाहीये ना?" आई म्हणाली. "तू माझ्याशी सहा महिने खोटं बोललीस ना?"

मी उत्तर द्यायच्या आत संदेशने फोन हिसकावला. आईचा आवाज चालू असतानाच त्याने तो भिंतीवर फेकला. मग वेणी धरून मला खाली ओढलं. मी गुडघ्यांवर पडले, पोटाला हात लावून. त्याचा दुसरा हात माझ्या तोंडापाशी होता आणि मी त्याचं मनगट चावले. दात आत जाईपर्यंत चावले. तो ओरडला, मला झटकायला लागला, तरी मी सोडलं नाही. तोंडात त्याचं रक्त आलं, कोमट आणि खारट. मला त्या क्षणी चांगलं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं होतं.

त्याने दाराला लाथ मारली, खालची फळी फुटली. शेजारी कुणीतरी हिरवळ कापायचं यंत्र चालवत होतं, ते तसंच चालू राहिलं.

वहिनी वर आली. फुटलेलं दार, त्याचं मनगट, माझे पाय, सगळं तिने पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही मरेल इथे आणि ते मला निस्तरावं लागेल. माझं नाव घ्या आणि दाखवून आणा. मी काय आता पुन्हा बाळंत होत नाही. विमानात बसायला डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा मिळेल."

चिठ्ठी वहिनीच्या नावाची मिळेल आणि पासपोर्ट माझ्या नावाचा असेल, हे आम्हां तिघांच्याही लक्षात आलं नाही. वहिनीने स्वतःच फोन करून स्वतःच्या गरोदरपणाची अपॉइंटमेंट घेतली. मी बसमध्ये तिची जन्मतारीख घोकत गेले, शाळेत पाढे घोकायचो तशी.

*

तपासणीच्या खोलीत जी मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण करणारी नर्स होती तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर टीना असं लिहिलेलं. कुरळे केस, गव्हाळ रंग. कुठली आहे ते कळत नव्हतं आणि मी विचारही केला नाही.

"नाव आणि जन्मतारीख?" तिने इंग्रजीत विचारलं.

मी वहिनीचं नाव सांगितलं, वहिनीची तारीख सांगितली. तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चोवीस वर्षांची आहे आणि अठराची दिसते असं लोक म्हणतात.

"तिसरं बाळ," ती म्हणाली. "छान."

दंडाला पट्टा बांधून तिने बीपी घेतलं. पुन्हा घेतलं. मग दुसऱ्या दंडावर घेतलं. तिसऱ्या वेळी तिचा चेहरा अगदी शांत झाला. आई अंगणवाडीत वजनकाट्यावर एखादं मूल ठेवते आणि काटा हलतच नाही, तेव्हा तिचा चेहरा असाच होतो.

तिने मला आडवं केलं. पोट मोजलं. ओटीपोटाशी हात नेला आणि तिची बोटं तिथेच थांबली. काहीतरी शोधत होती.

वहिनीची दोन्ही मुलं सिझेरियनची. ही गोष्ट आम्ही कुणी लक्षातच घेतली नव्हती. फाइलमध्ये दोन ऑपरेशनं होती आणि माझ्या पोटावर एक ओरखडा नव्हता.

"तुमचं सिझेरियन कुठे झालं?" टीनाने विचारलं.

"इंडियात," संदेश घाईने म्हणाला.

"इथे तर याच हॉस्पिटलचं लिहिलंय," ती म्हणाली.

संदेश माझ्याकडे वळला आणि हसला. हसत हसत, अगदी हळू आवाजात, मराठीत म्हणाला, "हसत राहा. एक शब्द काढलास तर घरी गेल्यावर दात हातात देईन."

त्या शहरात आम्ही सगळे असंच करायचो. बसमध्ये, दुकानात, समोरच्याच्या तोंडावर मराठीत बोलायचं. हिंदी सगळ्यांना कळते, पंजाबी कळते, मराठी कुणाला कळते? आम्हाला ती एक बंद खोली वाटायची.

टीना लिहीत होती. तिने मान वर केली नाही. वाक्य पूर्ण केलं आणि संदेशला म्हणाली, "प्रत्येक आईला आम्ही थोडा वेळ एकटीला भेटतो. तुम्ही बाहेर थांबा."

"तिला इंग्लिश येत नाही."

"हरकत नाही. थांबा बाहेर."

तो गेला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. दार बंद झालं. टीनाने पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली, आणि मला म्हणाली, मराठीत, "कोणाची दात कोणाच्या हातात नाही जाणार. मी इथे आहे ना."

मला वाटलं डोकेदुखीने भास होतोय.

"माझी आजी मिरजचा होता," ती म्हणाली. "माझा मराठी वाईट आहे, मला माहीत. पण समजते सगळा. आता पुन्हा विचारते. नाव आणि जन्मतारीख?"

मी सांगितलं. पासपोर्टवर आहे तसं पूर्ण. पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यामुळे नावात माझे वडील आहेत. "वैशाली भीमराव वाघमारे." तारीख सांगताना मला रडू फुटलं आणि वर्ष सांगायला वेळ लागला.

"टूरिस्ट व्हिसा आहे," मी म्हणाले. "पैसे नाहीत. तुम्ही मला हाकलणार?"

"नाही. ऐक. ऑफिसमधून कोण येईल, पेपर मागेल. बिल पण येईल, मी खोटं नाही बोलणार तुला. पण बाळाच्या आईला कोण दारातून परत नाही पाठवत. तो रूल आहे. तुझा बीपी असा आहे की आज तू घरी नाही जाऊ शकत. कळला?"

"त्याला काय सांगू?"

"तू काय नाही सांगायचा. मी सांगते."

मला त्याक्षणी एक गोष्ट स्पष्ट दिसली. मी वहिनीच्या नावावर बाळंत झाले असते, तर कागदावर माझ्या बाळाची आई वहिनी झाली असती. संदेशला हे मी आदल्या दिवशी विचारलं होतं. तो म्हणाला होता, "नंतर बघू."

*

मला व्हीलचेअरवर बसवून वॉर्डकडे नेत होते. संदेश कॉरिडॉरमध्ये आडवा आला. "काय सांगितलंस?" तो ओरडला. त्याने माझा दंड धरला आणि खुर्चीतून उठवायला ओढला. मागून कुणीतरी त्याला ओढत होतं. त्याची मोकळी मूठ भिंतीवरच्या सूचनाफलकावर बसली, काच फुटली, काचा माझ्या मांडीवर पडल्या. मला त्या काचा आठवतात. त्यांच्यात ट्यूबलाइट चमकत होती, आणि मग ती चमक वाढत वाढत सगळीकडे झाली.

यापुढचं मला टीनाने सांगितलं. मी ताठ झाले. डोळे फिरले. मग माझे हातपाय असे आपटायला लागले की चौघांनी धरूनही मी खुर्चीसकट जमिनीवर गेले. माझ्या टाचेने एकाच्या नाकातून रक्त काढलं. मी माझीच जीभ चावली. आठवड्यात दुसऱ्यांदा माझ्या तोंडात रक्त होतं, या वेळी माझं. फिट थांबली, पुन्हा आली. मला ऑपरेशनला नेलं आणि पोट कापून बाळ काढलं.

शुद्धीवर आले तेव्हा शिरेतून काहीतरी जात होतं, असं वाटायचं की उकळतं पाणी सोडलंय. जीभ तोंडात मावत नव्हती. एक नर्स वाकली. "नाव आणि जन्मतारीख?"

मला बोलता येईना. मी मनगट पुढे केलं. तिथे पट्टी होती. तिच्यावर इंग्रजीत वाघमारे, वैशाली.

"मुलगी आहे," ती म्हणाली. "खूप लहान आहे. श्वासाला मदत लागतेय. पण आहे."

*

तिथले पुढचे दिवस एकसारखे होते. सकाळी बीपी, गोळी, नाव आणि जन्मतारीख. दुपारी बीपी, सुई, नाव आणि जन्मतारीख. पहिल्या दिवशी जो प्रश्न ऐकून घाम फुटला होता, तोच आता मला धरून ठेवायचा. डोकं इतकं बधिर होतं की मुलीचा चेहरा आठवायचा नाही, पण हे दोन मला नक्की येत होते.

चौथ्या दिवशी टीना माझ्या हातांची तपासणी करत होती. सगळे हात निळे-काळे. ती एकेका डागावर बोट ठेवायची. "ही आमची, ड्रिपची. ही आमची, सुईची. ही आम्ही तुला धरला तेव्हाची, सॉरी." मग दंडावर आतल्या बाजूला चार बोटांची रांग होती, पिवळी पडलेली. "ही?"

मी दंड अंगाशी ओढून घेतला.

"आणि ही केसांच्या मागे?"

"आमची," मी म्हणाले. म्हणजे, आमच्या घरची. दुसरा शब्द सुचला नाही.

तिने लिहून घेतलं. पोलिसांशी बोलायचं का, विचारलं. मला लगेच ठरवता आलं नाही. तिने घाई केली नाही. त्याला वॉर्डमध्ये येऊ द्यायचं का, एवढं तरी आज सांग, म्हणाली.

"नाही," मी म्हणाले. सहा महिन्यांत मी मोठ्याने म्हटलेलं ते पहिलं "नाही". त्याला आत सोडू नये म्हणून वॉर्डच्या दारावर त्याचं नाव देऊन ठेवलं. दोन दिवसांनी मी पोलिसांशीही बोलले, टीना शेजारी बसली असताना.

ऑफिसमधला माणूसही आला, फाइल घेऊन, थोडा संकोचून. पासपोर्ट मागितला. खोटं नाव का सांगितलं, ते विचारलं. मी सांगितलं. त्याने बिलाचं आणि हप्त्यांचं समजावलं. बिल थकलं तर माहिती पुढे जाऊ शकते हे खरं आहे, तेही त्याने लपवलं नाही. पण तो बोलत असताना नर्सने माझी गोळी आणली, आणि त्याने बोलणं थांबवून तिला जागा दिली. याच भेटीला मी सहा महिने घाबरत होते.

*

वहिनी पाचव्या दिवशी आली. हातात अळिवाच्या लाडवांचा डबा.

"आलीस का शुद्धीवर?" ती म्हणाली. "माझ्या फाइलवर आता तिसरं मूल लिहिलंय. नवरा विचारतोय, हे कधी झालं. त्याला काय सांगू?"

मला हसू आलं आणि टाक्यांतून कळ गेली. "वहिनी, हसवू नका."

"हसवत नाहीये. मला दोन फोन आलेत दवाखान्यातून. शाळेतली नोकरी जाते की काय या भीतीने मला जुलाब झालेत." ती खुर्चीवर बसली. डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं, उघडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या घराच्या भिंती पातळ आहेत, वैशाली. मला ऐकू यायचं."

मी तिच्या हातातल्या डब्याकडे बघत राहिले.

"मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. मुलांनी ऐकू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे." तिने एक लाडू फोडून माझ्या हातावर ठेवला. "जीभ दुखत असेल तर चघळ नुसता."

तिचं चुकलंच. ती आलीही. मला या दोन्हींची बेरीज करता येत नाही. लाडू मी खाल्ला.

मग तिने मला व्हीलचेअरवर बसवून मुलीकडे नेलं. काचेच्या पेटीत ती होती, माझ्या तळहाताएवढं अंग, नाकात नळी, पाय माझ्या करंगळीएवढा. त्या पायाला पट्टी गुंडाळलेली. पट्टी पायापेक्षा मोठी. तिचं नाव अजून ठेवलं नव्हतं, त्यामुळे पट्टीवर एवढंच होतं: वैशाली वाघमारे यांचं बाळ.

वहिनीने वाचलं. "बरं झालं," ती पुटपुटली. "माझं नाव असतं तर मी कुठल्या तोंडाने इथे उभी राहिले असते."

*

मुलगी आठ आठवडे तिथे होती. व्हिसाची मुदत डॉक्टरांच्या पत्रावर वाढवून मिळाली. टीनाने आम्हाला बायकांना आसरा देणाऱ्या एका संस्थेच्या घरात जागा मिळवून दिली. संदेश रोज मेसेज करायचा, कधी माफीचे, कधी शिव्यांचे, एकाच तासात दोन्ही. अजून करतो. मी काही वाचते, काही नाही.

मला कुणाला उपदेश करायचा नाही. एवढंच वाटतं की दुसरीचं नाव घेऊन जाऊ नका. तिच्या अंगावरच्या खुणा तुमच्या अंगावर नसतात, आणि जे औषध तिला चालतं ते तुम्हाला चालेलच असं नाही. मिडवाइफ तुम्हाला एकटीला भेटते, तेव्हा बोला. कुठल्याही भाषेत बोला.

माहेरी परत आल्यावर तिसऱ्या दिवशी आईने मला अंगणवाडीत बोलावलं. मुलीचं वजन, लस, कार्ड. मी रांगेत बसले, माझ्या आधी दोघीजणी होत्या. माझा नंबर आला. आईने मुलीला काट्यावर ठेवलं, काटा हलला, तिने आकडा लिहिला. मग नवीन कार्ड समोर घेतलं, चष्मा नाकावर चढवला आणि पेन उघडलं.

"आईचं नाव?" तिने विचारलं.

मागच्या बाया हसल्या. "अहो बाई, तुमचीच लेक ना ती."

"विचारल्याशिवाय मी लिहीत नाही," आई म्हणाली. पेन तसंच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. फुटलेल्या फोननंतर आम्ही त्या दिवसाबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो. "सांग. आईचं पूर्ण नाव, जन्मतारीख."

मी सांगितलं. आईने सावकाश, एकेक अक्षर ठसठशीत काढत लिहिलं, आणि कार्ड माझ्या हातात देण्याआधी एकदा मोठ्याने वाचून दाखवलं.